कोरडी जागा

भामा रागीट होती, असं पाड्यातली माणसं सांगतात आणि सांगताना हसतात. हसायला त्यांचं काय जातं! ज्या कोपऱ्यावरून ती उभा जन्म भांडली, त्या कोपऱ्यात त्यांच्यातला एकही पुरुष कधी निजला नव्हता.

ती मूळची जासईची. लग्न होऊन आली ती पनवेलच्या खाडीकडच्या एका पाड्यात, बळीरामच्या घरी. देशाला स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, पाड्याला त्याची कुणकूण होती इतकंच. पुढे मिठागरं, मागे खारजमीन. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि अडवलेल्या जमिनीत भात पिकवायचं. बांध फुटला की त्या वर्षी भात नाही. म्हणून या घरांतून माणसापेक्षा बियाण्याची बडदास्त जास्त. झोडणी झाली की सगळ्यांत भरदार दाणा वेगळा काढायचा, खणखणीत वाळवायचा, आणि पेंढ्यात घालून वरून पेंढ्याच्याच दोरांनी गच्च आवळायचा. त्या गोल गठ्ठ्याला मुडा म्हणतात.

बळीरामच्या घरी मुड्यांसाठी वेगळी कोठी होती. घरातली सगळ्यांत चांगली जागा तीच. उंच जोत्यावर, चुलीच्या भिंतीला पाठ लावून असलेली, त्यामुळे बारा महिने उबदार आणि कोरडी. दर सोमवारी तिथे सारवण. मुड्यांना हळदकुंकू. आत जायचं तर पाय धुऊन, आवाज खाली ठेवून. "बी म्हंजे लक्षुमी," भामाची सासू वेणूबाय सांगायची, "आनि ती पोटुशी हाय. पोटुशीला दचकवू नये."

ऐकायला किती गोड! भामालाही लग्नाच्या पहिल्या वर्षी ते गोडच वाटलं. भाताला पोटुशी म्हणणारी माणसं पोटुशी बाईला किती जपत असतील, असं तिच्या मनात आलं. इतकी ती तेव्हा भोळी होती.

मग तिचे दिवस भरले, आणि घरातल्या पोटुशीला कुठे नेतात ते तिला कळलं.

गोठ्यात. गोठा घराच्या मागे, उतरत्या अंगाला. गुरांच्या पाठीमागचा कोपरा. कुडाच्या भिंती, खिडकीचं नाव नाही. जमिनीतून खाडीची ओल वर यायची आणि गुरांचं मूत वाहत तिथेच जमायचं. त्यावर गोणपाट अंथरलं आणि तिला सांगितलं, नीज. कारण बाळंतपण म्हणजे विटाळ आणि विटाळ घरात नको. सुईण जनीने कुडात खोचलेला विळा काढला, पदराला पुसला, नाळ कापली, वर शेणीची राख चोपडली. मुलगा झाला. ओटीवर गूळ वाटला. आठवडा सरायच्या आत मुलाने दूध ओढायचं सोडलं, जबडा आवळून धरला, अंग धनुष्यासारखं ताणलं, आणि गेला.

"सटवीनं नेला," वेणूबाय म्हणाली.

"पोरीचा पायगुन," शेजारणी म्हणाल्या, तेही भामाला ऐकू जाईल अशा बेताने.

भामाची छाती दुधाने फुटायला आली होती आणि ती त्याच गोणपाटावर बसून होती. बाळ नाही राहिलं म्हणून बाईचा विटाळ लवकर फिटत नाही. तो पुरा भोगावा लागतो.

पुढे एकदा पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा विकायला ती गेली, आणि शेंगा संपल्यावर पाय आपसूक दवाखान्याकडे वळले. तिथल्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या वसकन अंगावर आल्या.

"सटवी कसली डोंबलाची? धनुर्वात तो! शेणामातीत असतो. घाण विळा, घाण जागा, आणि वर राख फासता. तुम्ही बायका सुधारणार तरी कधी?"

भामाने टोपली खाली ठेवली. "आमी सुधारायला तयार हाय, बाई. जागा कोन देतो?"

"म्हणजे?"

"म्हंजे घर माजं नाय. खोली माजी नाय. विळासुदा माजा नाय. पोर तेवढं माजं होतं, ते गेलं. आता शिव्या पन मनाच?"

नर्सबाई चपापल्या. शिकलेली माणसं अशी क्वचितच चपापतात, तेव्हा त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं. त्यांनी कपाटातून एक नवं पातं काढलं, कागदासकट तिच्या हातात ठेवलं. "पुढच्या खेपेला इथे ये. नाहीच जमलं तर हे उकळून घे. आणि कोरडी, स्वच्छ जागा बघ."

कोरडी, स्वच्छ जागा. घरी जाताना मिठागराच्या बांधावरून चालता चालता भामा सारखी तेच घोळवत होती. घरात तशी जागा एकच होती, आणि ती भाताची होती.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने आधी नवऱ्याला गाठलं.

"अवं, यंदा मी गोठ्यात नाय जानार."

"मंग काय दवाखान्यात?"

"माघात दिस भरनार. ओहोटीला होडी नाय, चिखलात गाडी नाय. कळा लागल्यावर कोन नेतो मना? मी कोठीत बसनार."

बळीराम हसला. बायकोचं तोंड बघून थांबला. "येडी जालीस? तिथं बियानं हाय."

"माज्या पोटात काय हाय मंग? पेंढा?"

"आयेला इचारतो."

"आयेला इचारून पोर होतं काय?"

त्याने विचारलं नाहीच. बळीराम वाईट माणूस नव्हता. पण 'वाईट नव्हता' एवढ्यावर पुरुषांची किती वर्षं निभावून जातात, याचा कोणी कधी हिशेब मांडत नाही. शेवटी भामानेच सासूपुढे तोंड उघडलं, आणि वेणूबाय जळत्या निखाऱ्यावर पाय पडावा तशी उसळली.

"कोठीत? लक्षुमीच्या अंगाशी विटाळ? माजी सारी पोरं त्या कोपऱ्यात जाली. मना कोनी कोठी दिली?"

"तुमाला नाय दिली म्हनून मना नाय द्यायची?"

"बियान्याला विटाळ लागला तर मोड नाय येत, माहीत हाय? सारं घर उपाशी मरंल. एका पोरापायी?"

एका पोरापायी! भामा हंडा घेऊन पाण्याला निघून गेली. वेणूबाय मुद्दाम दुष्टपणा करत होती असंही नाही. बांध फुटलेलं साल तिने पाहिलं होतं. घरातली माणसं कंद उकडून खाताना, आणि तेव्हासुद्धा कोणी मुड्याला हात न लावताना पाहिलं होतं. तिची भीती खरी होती. फक्त ती भीती नेहमी सुनेच्या पाठीवर बसायची, हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट.

माघ उजाडला. एके दिवशी सकाळी भाकऱ्या थापताना भामाच्या कमरेतून कळ गेली. तिने भाकऱ्या संपवल्या. पाण्याची कासंडी उकळली आणि त्यात पातं टाकलं. धुतलेली लुगडी, चार चिंध्या उचलल्या. पाय धुतले, हो, पाय धुतले, आणि कोठीत जाऊन आतून दाराला लाकडी आडणा लावला.

वेणूबायच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. ध्यानात आलं तेव्हा पाडा गोळा झाला.

"भामे! दार उघड! लक्षुमी हाय आत!"

"असू दे," आतून आवाज आला. "दोघी बसू."

"अगो, तुजं डोकं फिरलं काय? भाईर ये, गोठ्यात समदं मांडलंय."

"तुमीच बसा तिथं."

बायकांनी पदर तोंडाला लावले. काही घाबरून, काही हसू लपवायला. वेणूबायने बळीरामला पुढे ढकललं. "बघतोस काय? तोड दार!"

बळीराम दाराशी गेला, "भामे, ऐक ना," म्हणाला आणि मागे आला. शेजारचा तुळशीराम मोठा उत्साही. तो घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन आला. "सरका. मी तोडतो."

"तोड, तुळशीरामदादा," भामा आतून ओरडली. कळ येऊन गेली होती, आवाज धापेने फाटला होता. "पानमोट फुटली हाय. दार तोडशील तर तू पन इटाळात. सुवेर फिटंपरेंत ना होडीला हात, ना देवाला, ना तुज्या बियान्याला. ये आत!"

तुळशीरामची कुऱ्हाड तशीच हवेत राहिली. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि कुऱ्हाड पाठीमागे लपवली, जणू ती त्याची नव्हतीच. पाड्यात एकही पुरुष उरला नाही जो त्या दाराला बोट लावेल. ज्या विटाळाने तिला गोठ्यात ढकललं होतं, त्याच विटाळाने आता दाराची राखण केली. एवढा एकच उपकार त्याने आयुष्यात तिच्यावर केला.

जनी मात्र हटेना. तिचा धंदाच तो. दाराशी बसून ती बडबडत राहिली. "मना आत घे गो. एकटी मरशील. पयलं पोर अडलं होतं तुजं, माहीत हाय ना?"

"तू ये. विळा भाईर टाक."

"विळ्याला काय जालं? सारा पाडा माज्या हातावर जन्मला!"

"आनि माजा पोरगा माज्या मांडीवर मेला. टाक विळा."

मग काहीतरी ओट्यावर आपटल्याचा आवाज झाला. आडणा सरकला, जनी आत शिरली, आडणा पुन्हा पडला. आत शिरताना तीही सवयीने पाय धुऊन आली होती.

आत काय झालं, ते भामाने पुढे आयुष्यभरात एक-दोघींनाच सांगितलं, तेही घाईघाईने, लाजल्यासारखं. जोतं उबदार होतं. चुलीची भिंत पाठीला लागत होती. कळ आली की ती शेजारच्या मुड्याला कवळ घालायची, पेंढ्याचे दोर मुठीत धरायची. मुडा हलत नव्हता. पेंढ्यातून वाळल्या दाण्याचा वास येत होता, उन्हात तापलेल्या खळ्याचा. त्या गठ्ठ्यात हजारो दाणे तोंड मिटून बसले होते, पाणी लागेपर्यंत थांबायचं म्हणून थांबले होते. आपण वेगळ्या नाही, असं तिला वाटलं. इथे आपली लाज नाही, घाण नाही. आपण शेताच्या जातीच्या आहोत. गोठ्यात ती पाय आखडून, मान खाली घालून बाळंत झाली होती. इथे ती ओरडली, पोट भरून ओरडली, आणि लक्ष्मी काही दचकली नाही.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा मूल रडलं. जनीने उकळलेल्या पात्याने नाळ कापली. राखेसाठी हात पुढे गेला होता, भामाने तो झटकला. बाहेरून वेणूबायने विचारलं, "काय जालं?"

"मुलगी," जनी म्हणाली.

"मुलगी!" वेणूबायने कपाळाला हात लावला. "बियानं नासवून मुलगी!"

पाचवीच्या पूजेला सासू फिरकली नाही. जेवणाचं ताट उंबऱ्यापाशी काठीने ढकललं जायचं. भामाला त्याची पर्वा नव्हती. ती फक्त मुलीचा जबडा बघत होती. प्रत्येक पाजण्याला करंगळी ओठांत घालून बघायची. मागच्या वेळी जे दिवस पहिल्याला घेऊन गेले, ते दिवस आले. मुलगी चुरुचुरू दूध ओढत राहिली. ते दिवस गेले. मुलगी तिथेच होती, आणि मुठी वळून ओरडत होती. भामा मुड्याला टेकून रडली, तेवढं एकदाच.

पण वेणूबायचा हिशेब बाकी होता. बाळंतपणाचं सुवेर फिटल्यावर तिने पाड्याच्या भगताला, काशीरामला बोलावलं. काशीरामने तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं, बियाणं विटाळलं आहे, ते गाईपाशी ठेवा. गाईचा श्वास लागला की शुद्ध होईल. रोज वरून गोमूत्र शिंपडा.

आता बघा. बाई गोठ्यात नेली ती विटाळाची म्हणून, आणि बियाणं गोठ्यात नेलं ते विटाळ फेडायला. एकाच जागेला सोयीप्रमाणे दोन अर्थ! पण बोलायचं कोणी?

मुडे उचलून गोठ्यात ठेवले. कुठे? मोकळी जागा एकच होती. गुरांच्या मागचा तो कोपरा. एक मुडा तेवढा कोठीत राहिला. भामाने ज्याला कवळ घातली होती तो. त्याच्या पेंढ्यावर रक्ताचा डाग होता. "तो खाडीत टाका," वेणूबाय म्हणाली, पण त्याला हात लावायला कोणी तयार होईना. तो तिथेच राहिला. मुलीला पाजायला भामा त्यालाच टेकून बसायची.

"बी उगवलं नाय," वेणूबायने सगळ्यांदेखत बजावलं, "तर पोरगी उचलायची आनि जासईला जायचं. परत तोंड नाय दाखवायचं."

बळीराम तिथेच होता. तो बांधाकडे बघत राहिला.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. वेणूबाय नेमाने रोज सकाळी मुड्यांवर गोमूत्र शिंपडायची. वैशाखात भामाने गोठा झाडताना मुड्याला हात लावून पाहिला. पेंढा ओला, खालून काळा. तिने नवऱ्याला सांगितलं, "मुड्यांना ओल लागली. आताच सोडून वाळवा."

"तू हात नको लावू," तो घाबरून म्हणाला. "उद्या काय जालं तर तुज्यावरच येईल."

"नाय लावला तरी माज्यावरच येनार हाय," ती म्हणाली.

ज्येष्ठ लागला. खारजमिनीत भात लावायची रीत अशी की बी आधी भिजवायचं, मग निथळून गोणपाटात गुंडाळायचं, वर पेंढा आणि दगड ठेवायचे. आतल्या उबेने मोड फुटले की ते चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. बळीरामने गोठ्यातले मुडे सोडले तेव्हाच आंबूस वास सुटला. दाण्यांवर बुरशीची जाळी. तरी त्याने ते भिजवले, गुंडाळले, दगड ठेवले. त्याच दिवशी भामाने कोठीतला उरलेला मुडा सोडला, हंड्यात भिजवला आणि चुलीच्या बाजूला वेगळं गाठोडं बांधून ठेवलं. वेणूबायने बघितलं, पण ती काही म्हणाली नाही. विटाळलेल्या बियाण्याचं काय होतं ते जगाला दिसूच दे, असं तिच्या मनात असावं.

गोणपाटं उघडायच्या सकाळी अंगणात पाडा जमला. असल्या वेळी लोकांना कामं नसतात. बळीरामने पहिलं गोणपाट उलगडलं. काळा, चिकट लगदा. दुसरं, तेच. तिसऱ्याचा वास घेऊन त्याने तोंड फिरवलं.

"मी सांगितलं होतं!" वेणूबायने छाती पिटली. "सांगितलं होतं मी! सालभराचं बी खाल्लं हिनं! उठ, उचल पोरगी, चालती हो!"

"देवाच्या जागी विटाळ केला की असंच," काशीराम भगत गंभीरपणे म्हणाला.

भामा उठली. मुलगी कडेवर होती, ती जनीच्या मांडीवर टाकली. आत गेली, चुलीजवळचं गाठोडं ओढत अंगणात आणलं आणि दगड लाथेने उडवले. गोणपाट उघडलं.

पांढरेशुभ्र मोड. दाण्यादाण्याला, बोटाच्या पेराएवढे, एकमेकांत गुंतलेले. गाठोड्यातून वाफ निघत होती.

तुळशीराम पुढे वाकला, एक दाणा उचलून डोळ्यांपाशी नेला. "हा तोच मुडा? डागाचा?"

"तोच. सगळ्यांत विटाळलेला. या, सगळी इकडं या." तिने काशीरामच्या हाताला धरलं आणि गोठ्याकडे ओढत नेलं. पाड्यातल्या बाईने भगताला असं हाताला धरून ओढायचं! पण त्या दिवशी कोणाला सुचलंच नाही अडवायचं. "हात लावा जमिनीला. लावा! का, विटाळ होईल?"

काशीरामने हात मागे घेतला. पुढे झाली वेणूबाय. ती वाकली, कोपऱ्यातल्या मातीत तळवा टेकला. वर उचलला तेव्हा तळव्याला ओला चिखल होता.

"भात कुजलं तर तुमी ऊर पिटता," भामा म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "भाताला जी जागा सोसली नाय, तिथं तुमी मना निजवलं. माजं पोर याच मातीत कुजलं. तेवा कोन रडलं? सटवी म्हनालात. माजा पायगुन म्हनालात. बियान्याची कोठी सारवता, पाय धुता, दचकवू नको म्हनता. आनि बियानं जिच्या पोटात हाय तिला शेनात! भात पोटुशी, आनि मी कोन? मी काय?"

वेणूबाय अजून आपल्या तळव्याकडे बघत होती. तिने तो पदराला पुसला नाही. मग अगदी हळू, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "माजी दोन."

"काय?" बळीरामने विचारलं.

"तुज्या आधीची. याच कोपऱ्यात. तोंड आवळून गेली." एवढं बोलून ती खाली बसली, चिखलातच.

बळीरामला ते माहीत नव्हतं. कोणी कशाला सांगेल? त्या मुलांची नावंही ठेवली नव्हती.

त्या वेळी भामाचा राग उतरला असेल, असं कोणाला वाटेल. उतरला नाही. दोन घरं जळताना दिसली की एका घराची आग विझते का? उलट तिला पहिल्यांदा कळलं की हा राग केवळ तिचा नव्हता. सासूने तो गिळून गिळून आयुष्य काढलं होतं, आणि गिळलेला राग सुनेला भरवला होता.

पण माणसं मोठी बिलंदर. सत्य समोर उघडं पडलं की लगेच त्याला लुगडं नेसवतात. काशीराम भगताने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "देवी पावली! बाळंतिणीच्या अंगात लक्षुमी आली होती. जिथं तिचं रगत लागलं तोच मुडा उगवला. गोठ्यातले कुजले, कारन त्यांना तिचा सपर्श नव्हता."

"देवी नाय!" भामा किंचाळली. "ओल! ओल हाय ही! कोठी कोरडी हाय म्हनून उगवलं!"

कोणी ऐकेना. बायकांनी हात जोडले. कोणीतरी कुंकू आणायला पळाली. तुळशीराम, तोच कुऱ्हाडवाला, मोडांच्या गाठोड्याला नमस्कार करत होता. भामा पुन्हा ओरडणार होती, पण तिची नजर सासूवर गेली. वेणूबाय चिखलात बसून तिच्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत सरळ विनवणी होती. ओल खरी म्हटली तर दोन मुलं तिने स्वतःच्या हाताने त्या कोपऱ्यात घातली होती, आणि तिसरं नातवंड. देवी खरी म्हटली तर सगळं देवीवर. म्हातारीला तेवढी एक कोरडी जागा उरली होती.

भामाने तोंड मिटलं. आयुष्यात इतक्या कष्टाने तिने दुसरं काही केलं नाही.

त्या वर्षीचं बाकीचं बी तिच्या भावाने जासईहून आणून दिलं. जासईला परत जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मुलीचं नाव साळू ठेवलं. बळीरामने गोठ्यातल्या त्या कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या रचल्या, कोणी न सांगता. एवढी हालचाल त्याने केली, हेही नोंदवायला हवं.

पुढच्या पौषात तुळशीराम दाराशी आला. हातात कुऱ्हाड नव्हती.

"भामे, सून आमची भरत आली. कोठी सारवून ठेवली हाय. टेकायला मुडा कुठला द्यायचा, तू येऊन सांग."

"कोठी सुनेसाठी उघडलीस का भातासाठी?"

"दोघांसाठी."

"खोटं बोलू नको."

तुळशीरामने डोकं खाजवलं. "बरं. भातासाठी. पन उघडली ना?"

भामाच्या तोंडावर शिवी आली होती. तिने ती परत गिळली, साळूला सासूच्या मांडीवर टाकलं आणि चुलीवर पाणी ठेवलं. त्यात पातं टाकलं, नवं, पनवेलहून आणलेलं.

त्यानंतर पाड्यात आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाड्यांत जिथे म्हणून बाई अडायची, तिथे भामा जायची. सुईणपण तिला येत नव्हतं, ते जनी करायची. भामा फक्त जागा भांडून घ्यायची. आधी तळवा जमिनीला लावून बघायची, मग कोठीतल्या चार माणसांना बाहेर हाकलायची, विळा हिसकावून फेकायची आणि आडण्यापाशी पाठ टेकून बसायची. बायका मुड्याला हळदकुंकू वाहायला लागल्या, "भामाबाय, देवीला नमस्कार तरी करा," म्हणाल्या की ती खवळायची.

"वाहा, तुमाला वाहायचं ते वाहा. पन जमीन कोरडी हाय का, ते आदी बघा. तुमची देवी कोरडी जागा बघूनच येते."

आणि आत कळ देणारी कोणी पहिलटकरीण लाजून, तोंडात पदराचा बोळा घालून कण्हत असली, तर ती आडण्यापाशी बसूनच दरडावायची, "बोळा काढ गो! ओरड! हे घर तुजं नसंल, खोली तुजी हाय. ओरड!"